पुण्यातली एक बास्केटबॉल बॅच: कोचिंग भारी, रेफरिंगची बोंब

मुलगी दहा वर्षांची, शाळेच्या कोर्टवर मोठी पोरंच खेळत असतात म्हणून ही संध्याकाळची बॅच लावली. नाव लिहीत नाही कारण खाली तक्रार पण आहे आणि पोरगी अजून तिथेच जाते.

कोचिंगला पैकीच्या पैकी. छोट्यांना ५ नंबरचा (लहान) बॉल आणि रिंग २.६० मीटरवर, फिबाच्या (बास्केटबॉलची जागतिक संघटना) मिनी-बास्केटबॉलमध्ये असतं तसंच. नाहीतर बाकी ठिकाणी बघा, एवढीशी पोरं मोठ्यांच्या ३.०५ च्या रिंगला ७ नंबरचा बॉल कमरेपासून दोन्ही हातांनी भिरकावत असतात, मग तीच सवय लागते आणि पुढे शॉट काही सुधरत नाही. इथे सुरुवातीला नुसतं जंप स्टॉप (उडी मारून दोन्ही पायांवर थांबणं), पिव्होट (एक पाय रोवून वळणं), डाव्या हाताने ड्रिबल. बघायला जाम बोअर, पण आता ती डावीकडून ले-अप (पळत जाऊन रिंगजवळून शॉट) मारते. सर ओरडतात, पण बॉल गेला म्हणून लगेच बाहेर नाही बसवत.

आता रविवारच्या मॅचेस. जो सिनियर पोरगा मोकळा असेल त्याच्या हातात शिट्टी, तो एकटाच, उभा सेंटर लाइनवर, रिंगखाली काय धक्काबुक्की चाललीय त्याला कुठून दिसणार! पळता पळता बॉल पकडताना जो पाय जमिनीवर असतो तो मोजायचा नाही, त्यानंतर दोन पावलं, हे फिबाने २०१७ पासून केलंय आणि सर प्रॅक्टिसला तेच शिकवतात, पण रविवारी त्यालाच ट्रॅव्हल (जास्त पावलं टाकल्याची चूक) देतात. पोरीने ऐकायचं कोणाचं? फाउल दिला की नंबर दाखवत नाहीत, स्कोअरशीटवाली ताई विचारते "कोणाचा रे?" आणि उत्तर देतात पालक, तेही तीन वेगवेगळी. एकदा तर पाच फाउल झाले म्हणून भलत्याच पोरीला बाहेर काढलं.

त्या पोरांना दोष नाही देत, त्यांना कोणी शिकवलंच नाहीये. दोन रेफरी लावा, एक बेसलाइनला (रिंगमागच्या रेषेवर) एक मागे, आणि अधूनमधून एखादा अनुभवी रेफरी बोलवा जो मॅचनंतर त्यांच्याशी दहा मिनिटं बोलेल. त्यासाठी फी वाढवली तरी चालेल. आणि पालक मंडळी, शिट्टीवाला पण अकरावीतलाच पोरगा आहे हो, त्याच्यावर किती ओरडाल, एक जण तर यायचाच बंद झालाय.

पाचपैकी साडेतीन. छोट्यांना डोळे झाकून घाला, मोठ्या पोरांना मॅचेससाठी घालणार असाल तर आधी एक रविवार येऊन बसा.