२,८०० ची गिटार, नऊ महिने वापरल्यानंतर

मागच्या दिवाळीत ऑनलाइन ३८ इंची गिटार मागवली, २,८०० रुपयांना, आता ऑगस्ट चालू आहे म्हणजे नऊ महिने झाले. घेताना मी जे रिव्ह्यू वाचले ते सगळे आल्या दिवशी लिहिलेले होते, पॅकिंग मस्त, कलर छान, आवाज सुंदर, एवढंच. पण पहिल्यांदा गिटार घेणाऱ्याला ती चांगली आहे की नाही हे आठवड्याभरात कळूच शकत नाही हो, कारण त्याच्या हातात दुसरी कुठली गिटार कधी आलेलीच नसते. मलाही तीन महिने कळलं नाही आणि त्या तीन महिन्यांत मी जवळजवळ शिकणं सोडलं होतं, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय.

माझं थोडक्यात सांगते. वय ४४, सांगलीत राहते, पतसंस्थेत नोकरी. लहानपणी चार वर्षं गाणं शिकलेय, घरी पेटी आहे त्यामुळे कान बरा आहे. गिटार कॉलेजपासून शिकायची होती पण राहून गेलं. बॉक्समध्ये गिटार, पातळ कापडी बॅग, पट्टा, दोन पिक आणि तारांचा एक जादा सेट आला. ट्यूनर (तार सुरात आहे का ते दाखवणारं यंत्र) नव्हता, कॅपो (मानेवर लावून सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) नव्हता. लिस्टिंगमध्ये वरची फळी "स्प्रूस" लाकडाची म्हणून लिहिलं होतं, आली ती प्लायवूडची. हे ओळखायला सोपं आहे, मधल्या गोल भोकाची कड उजेडात बघायची, लाकूड अखंड असेल तर वरच्या रेषा कडेवरून खाली तशाच उतरलेल्या दिसतात, प्लाय असेल तर सँडविचसारखे थर दिसतात. माझ्या गिटारीत तीन थर स्पष्ट दिसत होते. विक्रेत्याला फोटो पाठवले तर उत्तर आलं की सात दिवसांत फुटलं-तुटलं असेल तरच बदलून मिळेल. मला त्याचा राग अजून आहे, प्लाय वाईट असते म्हणून नाही, २,८०० मध्ये प्लायच येणार आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात ती अखंड फळीपेक्षा कमी फुगते, पण जे आहे ते लिहा ना.

आता मुख्य गोष्ट. यूट्यूबवर बघून ई मायनर आणि ए मायनर हे कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवायच्या सुरांचे बोटांनी धरायचे आकार, धरायला लागले, ते कसेबसे जमले. नंतर सी आणि जी. सीमध्ये पहिल्या फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या म्हणजे फ्रेट) पहिलं बोट ठेवायचं तर ती तार इतका जोर लावूनही दबेना, दबली की बोटावर खोल वळ उठायचा आणि शेजारची तार मुकी व्हायची. एफ तर विचारूच नका. सगळीकडे लिहिलेलं असतं की सुरुवातीला बोटं दुखतात, घट्टे पडेपर्यंत सहन करा, म्हणून मी सहन करत राहिले. जानेवारी संपेपर्यंत घट्टे पडले पण जोर तेवढाच लागत होता. आणि एक गोष्ट माझ्या कानाला खुपायची. मोकळी तार पेटीशी अगदी जुळलेली असायची आणि तीच तार फ्रेटवर दाबली की सूर चढलेला यायचा. थोडासाच, पण पेटी शेजारी वाजवली की लगेच कळायचं. मला वाटलं मीच ट्यूनिंग चुकवतेय.

खरं कारण होतं ॲक्शन, म्हणजे तारा फ्रेटबोर्डपासून किती उंच आहेत ते. मुलाच्या कंपासपेटीतली सहा इंची पट्टी घेतली, बाराव्या फ्रेटवर उभी धरली आणि फ्रेटच्या डोक्यापासून जाड तारेच्या खालच्या कडेपर्यंत मोजलं, तर साडेतीन मिमी. पट्टीचा शून्य कडेपासून थोडा आत असतो, ती कड शून्यापर्यंत घासून किंवा तेवढं अंतर आकड्यात मिळवून मोजा नाहीतर चुकेल. स्टीलच्या तारांच्या गिटारीला तिथे अडीचच्या आसपास असावं लागतं, बारीक तारेला दोनच्या जवळ. तार जेवढी उंच तेवढी ती दाबताना जास्त ताणली जाते आणि ताणली की सूर चढतो. म्हणजे बोट दुखणं आणि बेसूर वाजणं, दोन्हीचं मूळ एकच होतं आणि माझ्या बोटांचा त्यात काही दोष नव्हता.

सांगलीहून मिरज दहा किलोमीटर. मिरजेत सतार आणि तंबोरे बनवणाऱ्यांची दुकानं आहेत हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे, दीडशे वर्षांहून जुनं काम, २०२४ ला तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकनही मिळालं. तिथे गिटार नेऊ का असा संकोच वाटत होता पण एका चाचांनी लगेच हातात घेतली, एक डोळा मिटून मानेवरून नजर टाकली, पहिल्या फ्रेटवर तार दाबून बघितली आणि म्हणाले, "ताई, बोटं बरोबर हायत तुमची, तार लई वर हाय." मला तिथे रडूच आलं असतं खरंतर, तीन महिने मी स्वतःच्या बोटांना बोल लावत होते.

त्यांनी जे केलं ते मी समोर बसून बघितलं. आधी ट्रस रॉड, म्हणजे मानेच्या आतली लोखंडी सळई, ॲलन कीने अगदी पाव फेरा फिरवला, मान पुढे वाकली होती ती थोडी सरळ झाली. मग डोक्याकडच्या नटच्या, म्हणजे तारा जिच्यावरून जातात त्या छोट्या पट्टीच्या, खाचा बारीक कानशीने एकेक करून खोल केल्या, दोन घासे मारायचे, तार बसवायची, बघायची, परत दोन घासे. मग ब्रिजवरची, म्हणजे खोक्यावर तारा अडकवलेल्या लाकडी घोडीवरची, पांढरी सॅडल (तारा टेकतात ती पट्टी) काढून खालच्या बाजूने पॉलिश पेपरवर घासली. बाराव्या फ्रेटवर एक मिमी कमी हवं असेल तर सॅडल दोन मिमी घासावी लागते कारण बारावा फ्रेट बरोबर तारेच्या मध्यावर असतो. खालूनच का घासता विचारलं तर म्हणाले वरून घासून सपाट झाली तर सतारीसारखी झणझणेल. तंबोऱ्याला जवारी काढतात तेव्हा घोडीचा माथा असा घासतात की तार त्यावर टेकत टेकत सुटावी, त्यातूनच तो भरलेला झंकार येतो, आणि गिटारला नेमकं उलटं हवं, तार एका धारेवरून स्वच्छ सुटली पाहिजे. लहानपणी तंबोऱ्याच्या जवारीचा दोरा सारताना गुरुजींना कितीदा बघितलं होतं पण त्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला. शेवटी फ्रेटची टोकं कडेला हाताला टोचत होती ती घासून गोल केली. सगळं मिळून ४०० रुपये घेतले, दीड तास लागला.

घरी येऊन सी धरला आणि पाचही तारा वाजल्या. त्याच संध्याकाळी जी ते सी बदलणं तीन महिन्यांत पहिल्यांदा न थांबता जमलं. साधा एफ, म्हणजे पहिलं बोट दोनच तारांवर आडवं टाकून, पुढच्या दोन आठवड्यांत आला. पूर्ण बॅरेचा, म्हणजे सहाही तारांवर बोट आडवं टाकायचा, एफ मे महिन्यात आला.

तारांबद्दल. कंपनीच्या लागून आलेल्या तारा जाड आणि खरखरीत होत्या, त्या काढून दहाच्या गेजचा, म्हणजे बारीक तारांचा, सेट लावला, साडेतीनशेला मिळाला. बॉक्सबरोबर आलेला जादा सेट वापरू नका, माझी त्यातली पहिली तार लावतानाच तुटली. जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावर बारीक दोन तारांवर तांबूस डाग आले, तेव्हापासून वाजवून झालं की कोरड्या सुती कपड्याने तारेच्या खालूनही पुसते आणि बॅगेत सिलिका जेलची पुडी ठेवते. भिंतीला टेकवून ठेवू नका, पावसात भिंती ओल धरतात. आणि उन्हाळ्यात बंद गाडीत तर अजिबात ठेवू नका, सहा तारांचा मिळून साठेक किलोचा ताण असतो आणि ब्रिज फक्त गोंदावर धरलेला असतो, गोंद गरम होऊन सैल झाला की ब्रिज मागून उचलतो. मी महिन्यातून एकदा ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागदाची पट्टी सरकवून बघते, अजून आत जात नाही.

तारा ताणायच्या चाव्या मात्र खरंच हलक्या आहेत. नवीन तारा बसायला आठवडा लागला, रोज उतरायच्या. खालून वर चढवत सुरात आणायचं, वर गेली तर बरीच उतरवून परत चढवायची, म्हणजे टिकते. चाव्यांचे स्क्रू सैल होते ते आवळल्यावर पुष्कळ फरक पडला. ज्यांच्याकडे पेटी आहे त्यांनी ट्यूनर नसला तरी अडू नये, जाड तारेकडून बारीककडे पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच, पांढरी सात आणि परत पांढरी तीन. पेटीची पांढरी सहा मात्र ४४० हर्ट्झला मिळवलेली पाहिजे, जुन्या पेट्या बऱ्याचदा नसतात. मी आता तीनशेचा क्लिपवाला ट्यूनर घेतलाय कारण दारात वरात असली की मोबाइलच्या ॲपला काही कळत नाही.

कॅपो नक्की घ्या. मी काळी चारला गाते, पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून जीचा आकार धरला की तोच काळी चार होतो, तेच सोपे कॉर्ड आणि सूर आपला. गाणाऱ्यांनी शिकताना हे पहिल्या महिन्यात करावं, आपल्या पट्टीत गायला मिळालं की सरावाला आपोआप बसावंसं वाटतं.

आवाजाचं बोलायचं तर ३८ इंचीचा खोका छोटा, त्यामुळे खालच्या तारांना घुमारा कमी. भाच्याकडे यामाहाची एफ३१० आहे, ती मांडीवर घेतली की कळतं, जाड तारेचा आवाज पोटात जाणवतो आणि वाजवून हात काढला तरी रेंगाळतो, माझी लगेच विझते. पण माझी उंची पाच फूट, ती मोठी गिटार घेतली की उजवा खांदा वर उचलला जातो आणि अर्ध्या तासात दुखतो. माझी तासभर घेऊन बसले तरी काही होत नाही. रात्री दहानंतर शेजाऱ्यांना त्रास होत नाही हेही आहेच.

एकूण गिटार २,८००, सेटअप (मिरजेत करून घेतलं ते काम) ४००, तारा ३५०, ट्यूनर ३००, कॅपो २५०, म्हणजे ४,१०० झाले. आज परत घ्यायची झाली तर दुकानात जाऊन घेईन, कंपासपेटीतली पट्टी बरोबर नेईन, आणि एवढ्याच पैशात बसणार असेल तर गिटारचे चारशे कमी करून सेटअपचे चारशे राखून ठेवीन. पहिल्या दिवशीच सेटअप करून घ्या, तीन महिने थांबू नका. तुमच्या गावात गिटारवाला नसेल तर सतार, तंबोरा, पेटी दुरुस्त करणारं कुणीतरी असतंच, त्यांना दाखवा.

अजून एक दोष राहिलाय, दुसरी तार बाराव्याच्या पुढे तेराव्या-चौदाव्या फ्रेटवर खरखरते. तिथला एक फ्रेट किंचित वर आलाय असं चाचांनी तेव्हाच दाखवलं होतं पण म्हणाले लाकूड पावसाळ्यात हलतं, आत्ता घासायला नको, दसऱ्यानंतर आणा.