वराह-पिलांसाठीची दूध पावडर : माल चांगला, सूचना वासरांच्या

मादी व्याल्यावर दगावली किंवा कासदाहाने तिचे दूध आटले, तर आपल्याकडचा वराहपालक सहसा गाईच्या दुधावरच पिले जगवू पाहतो. परंतु डुकरिणीच्या दुधात स्निग्धांश सात-आठ टक्के, म्हणजे गाईच्या दुधाच्या जवळपास दुप्पट असतो. त्यामुळे नुसत्या गाईच्या दुधावर पिलांचे पोट भरते, अंग मात्र भरत नाही. म्हणून ‘खास वराह-पिलांसाठी’ असे छापलेली पावडर परभणीच्या एका पशुखाद्य दुकानातून मागवून गेल्या हिवाळ्यातील एका पोरक्या वेतावर वापरली. तक्रारीही मांडायच्या असल्याने कंपनीचे नाव देत नाही.

माल चांगला आहे, हे आधी सांगितले पाहिजे. घटकांत व्हे पावडर (चीज-पनीर करताना दुधातून निघणाऱ्या पाण्याची भुकटी) पहिल्या क्रमांकावर आहे, सोयाबीनचे पीठ नाही आणि साखरही नाही. ही शेवटची गोष्ट फार महत्त्वाची आहे, कारण नवजात पिलाला साधी साखर पचत नाही; दुधात मायेने गूळ किंवा साखर घालणारा पालक दुसऱ्या दिवशी हगवण ओढवून घेतो. लिटरभर कोमट पाण्यात २०० ग्रॅम पावडर गुठळी न होता विरघळते आणि भांड्याच्या तळाशी गाळ बसत नाही.

खरी अडचण गोणीवरच्या सूचनांची आहे. ‘दिवसातून तीन वेळा बाटलीने पाजावे’ हे वाक्य वासरांच्या गोणीवरून जसेच्या तसे उचललेले दिसते. पिलू आईच्या अंगावर साधारण तासाला एकदा पिते. त्याला पहिले काही दिवस रात्रीसुद्धा दर दोन तासांनी थोडे थोडे द्यावे लागते, कारण अंगात चरबी नावालाच असल्याने रक्तातील साखर घसरून ते पाहता पाहता गारठून पडते. सोबत दिलेली बाटली तर न वापरलेलीच बरी. तिच्या निपलचे भोक इतके मोठे आहे की दूध श्वासनलिकेत जाण्याचीच भीती. त्याऐवजी उथळ, जड थाळी घ्यावी आणि पिलांनी आत उभे राहू नये म्हणून मध्ये धुतलेला दगड ठेवावा. नाकपुड्यांना दूध लागले की पिलू शिंकते, मागे सरते, मग ओठ चाटून पुन्हा पुढे येते. एकाला जमले की बाकीची त्याच्या अंगावरून चढत थाळी गाठतात.

‘पहिल्या दिवसापासून उपयुक्त’ हा दावा मात्र सरळसरळ दिशाभूल करणारा वाटतो. गर्भात असताना पिलाला आईकडून रोगप्रतिकारक द्रव्ये मिळत नाहीत, ती चिकातूनच मिळतात, आणि जन्मानंतर सुमारे २४ तासांत आतडे ती शोषून घेणे थांबवते. त्यामुळे आधी त्याच सुमारास व्यालेल्या दुसऱ्या मादीचा, निदान गाईचा चीक पाजावा आणि मगच गोणी उघडावी. पावडरीत लोह असल्याचे छापले असले, तरी तिसऱ्या दिवशी मानेत द्यायचे २०० मिलिग्रॅम लोहाचे इंजेक्शन पशुवैद्यकाला विचारल्याशिवाय टाळू नये.

उबेबद्दल गोणीवर एक अक्षरही नाही, आणि परभणीकडे पौषात रात्रीचे तापमान एक अंकी होत असताना ही उणीव लहान नव्हे. नवजात पिलांना ३२ ते ३४ अंशांची ऊब लागते. गारठलेल्या पिलाला पाजलेले दूध पचत नाही, मग पावडर कितीही महाग असो. वीज गेली की उबेसाठी लावलेला दिवा कामाचा राहत नाही, तेव्हा गोणपाटात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटल्या तयार हव्यात.

गोणी दहा किलोचीच मिळते. एका वेतातील दोन-तीनच पिले पोरकी असतील, तर ती पंधरवड्यानंतर दाणा चघळू लागतात आणि निम्मी पावडर उरते. पावसाळ्यात ती दमट होऊन घट्ट बसते. अशा पालकाने दुकानदाराला गोणी दुसऱ्या वराहपालकाबरोबर वाटून घेऊ देण्याची विनंती करावी. मोठा कळप असणाऱ्याने मात्र एक गोणी घरात ठेवायला हरकत नाही.