गोठलेल्या तळ्यावर पाणी चढलं तर: तिथेच बसावं की जागा बदलावी?

कण्हेर धरणाच्या काठावर माझ्याशेजारी गळ टाकून बसणारे कऱ्हाडचे आबा येत्या जानेवारीत लेकीकडे अमेरिकेत मिनेसोटाला निघालेत. मागचा हिवाळा मी तिकडे मुलाकडे काढला आणि दर रविवारी गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला गेलो. म्हणून आबांनी विचारलं, "तंबू कुठला घ्यायचा, बूट कुठले?" मी म्हटलं, आबा, आधी पाण्याचं बोलू. बाकी सगळं त्यावर ठरतं.

गोठलेल्या तळ्यावर पाय ठेवला आणि घोट्याएवढ्या पाण्यात गेला, तर माणूस घाबरतो. बर्फ फुटला असंच वाटतं. पण भर हिवाळ्यातलं हे पाणी वितळलेलं नसतं, खालून वर आलेलं असतं. 30 सेंटिमीटर जाडीचा बर्फ तरंगतो तेव्हा जेमतेम अडीच सेंटिमीटर पाण्याच्या वर राहतो. त्यावर 25 सेंटिमीटर ताजं, भुरभुरीत हिम पडलं की तेवढ्या ओझ्याने थर पाण्याच्या पातळीला टेकतो. वाऱ्याने दाबून बसलेलं हिम असेल तर आठ-नऊ सेंटिमीटरही पुरतात. होडीत माणसं जास्त झाली की काठ पाण्याला लागतो, तसंच हे. मग भेगांतून आणि गळ सोडायला आपण पाडलेल्या भोकांतून पाणी वर येतं, हिमात मुरतं आणि त्याची राड होते. तिकडे तिला स्लश म्हणतात. वरचं हिम वाकळेसारखं ऊब धरून ठेवतं, त्यामुळे हवा उणे 20 असली तरी खालची राड लवकर गोठत नाही. वरून मात्र सगळं कोरडं, पांढरंशुभ्र दिसतं.

अशा जागी थांबायचं ठरवलं तर पहिला मोह होतो फावड्याने हिम बाजूला करण्याचा. थर पाण्याखाली दबलेला असेल तर ते करू नका, साफ केलेल्या खड्ड्यात पाणी येऊन साचतं. त्याऐवजी हिम पायाने तुडवून दाबा. ऑगरने, म्हणजे बर्फाला भोक पाडायच्या गिरमिटाने, भोकं कमी पाडा, एक-दोनच. आणि भोकाभोवती राडीचाच बांध घाला. जावळी-पाटणकडे भाताच्या खाचराला घालतो तसाच, फक्त वीतभर उंचीचा. कडाक्याची थंडी असेल तर काही तासांत तो दगडासारखा होतो आणि भोकातून वर येणारं पाणी आतच राहतं. तुडवलेली वाटही रात्रीत गोठते, दुसऱ्या दिवशी चालायला चांगली मिळते. म्हणजे एकाच जागी दोन-तीन दिवस यायचं असेल तर ही मेहनत वाया जात नाही.

जागा बदलायची तर वाऱ्याने हिम झाडून नेलेला पट्टा शोधायचा. तिथे ओझं नाही, म्हणून पाणीही नाही. काळसर पारदर्शक बर्फ उघडा दिसतो आणि तो मजबूत असतो. राड गोठून झालेला पांढरा बर्फ त्याच्या निम्म्याच ताकदीचा धरतात. मिनेसोटाचं नैसर्गिक संसाधन खातं चालणाऱ्या माणसासाठी किमान 4 इंच पारदर्शक बर्फ सांगतं आणि पांढरा असेल तर जाडी दुप्पट हवी म्हणतं. तोटा एकच, पण मोठा: उघड्या पट्ट्यावर वारा अंगाला चावतो, आणि मासे तिथेच असतील असं नाही.

माझं मत स्पष्ट आहे. राड घोट्याच्या खाली असेल आणि मासे लागत असतील तर बांध घालून बसा. त्यापेक्षा खोल असेल तर सामान उचला, कारण भिजलेल्या पायाने तिथे तासभर काढणं म्हणजे बोटं गमावायची तयारी. आणि राड असो वा नसो, पुढे पहारीने ठोकून बर्फाची जाडी पाहत चाला. हिमाच्या वाकळेखाली बर्फ हळू वाढतो.

आता तंबू. छत्रीसारखा उघडणारा हब हलका, त्यात तीन-चार माणसं मावतात, पण त्याला तळ नसतो. राडीत उभा केला की खालची झालर भिजते आणि संध्याकाळी बर्फात घट्ट रुतून बसते. मी ती सोडवताना पहारीचा टोला चुकला आणि कापड फाटलं. फ्लिप-ओव्हर म्हणजे घसरगाडीवरच बसवलेला तंबू. बैठक गाडीवर असते, त्यामुळे बसताना पाय पाण्याच्या वर ठेवता येतात. जड असतो, राडीत ओढताना दम निघतो आणि गाडीच्या तळाला बर्फ चिकटतो, म्हणून थांबलात की खाली लाकडाचे ठोकळे सरकवा. एकट्या-दुकट्यासाठी राडीच्या तळ्यावर मी फ्लिप-ओव्हरच घेईन. कोरड्या बर्फावर कुटुंब घेऊन जायचं असेल तर हब. दोन्हीत गॅसची शेगडी लावली तर हवेची फट उघडी ठेवा.

तिसरा मार्ग भाड्याच्या लाकडी खोलीचा. मिल लॅक्ससारख्या मोठ्या तळ्यांवर रिसॉर्टवाले त्या देतात. राड कुठे आहे हे त्यांना रोजच्या फेरीमुळे ठाऊक असतं आणि रस्ताही तेच साफ ठेवतात.

बुटांबाबत फार विचार नको. उसाला पाणी पाजताना घालतो ते गमबूट पाणी अडवतात, थंडी नाही. चामड्याचे डोंगरात चालायचे बूट शिवणीतून भिजतात. खाली रबर, आत काढता येणारं नमद्याचं अस्तर असलेले बूट तिकडेच घ्या, एक नंबर मोठे, आणि अस्तराचा जादा जोड ठेवा. बुटाखालचे खिळे ओल्या उघड्या बर्फावर जीव वाचवतात, राडीत फारसे कामाचे नाहीत.

मार्चमधलं पाणी वेगळं, ते खरोखर वितळलेलं असतं. ते भोकांतून खाली जायला लागलं की भोकं रुंदावतात आणि बर्फ आतून पोकळ होतो. तेव्हा तुलना नाही, तळ्यावर जायचंच नाही.

आबांसोबत जावई आणि सात वर्षांची नात असणार. म्हणून पहिल्या दोन खेपांना भाड्याची खोलीच घ्या असं मी त्यांना सांगितलंय. गोडी लागली तर मग फ्लिप-ओव्हर, आणि तो जावयाच्या गाडीत मावतो का, हे विकत घेण्याआधी टेपने मोजून.