तांबट आळीतला मठारलेला जग : अंग उत्तम, चोच कच्ची

पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत पाण्यासाठी हाताने मठारलेला, म्हणजे हातोडीच्या ठोक्यांनी घडवलेला, दीड लिटरचा तांब्याचा जग घ्यायला जाल, तर नजर आधी अंगावरच्या ठोक्यांवर खिळते. खिळावीच, इतकं ते काम देखणं असतं. पण हा जग रोज टेबलावर राहणार की महिन्याभरात माळ्यावर जाणार, हे ठरवतात चोच, कान आणि झाकण. आणि नेमक्या याच तीन जागी बरेचसे नग कमी पडतात.

आधी अंगाबद्दल. पत्रा 20 गेजचा, म्हणजे साधारण 0.9 मिलिमीटर जाडीचा असेल, तर 11 सेंटिमीटर व्यासाच्या आणि 18 सेंटिमीटर उंचीच्या जगाचं नुसतं अंग पावणेसहाशे ग्रॅमच्या आसपास भरतं. कान-झाकणासकट काटा चारशेवरच थांबला, तर पत्रा पातळ आहे. ठोके कितीही सुबक असले तरी तो घेऊ नका. तापवून नरम केलेलं तांबं सहज दबतं आणि ठोके बसत जातात तसतसं कडक होतं. म्हणजे मठारकाम ही वरून काढलेली नक्षी नाही, भांड्याची ताकदच त्यातून येते. शिवाय सपाट पॉलिशवर बोटांचे ठसे आणि पोचे लगेच उठून दिसतात, ते इथे पैलूंमध्ये लपतात.

हातकाम ओळखायचं तर बोट आत घालून फिरवा. आतून लोखंडी आधार देऊन बाहेरून हातोडी मारलेली असली, की बाहेर चपटे, एकमेकांवर किंचित चढलेले पैलू दिसतात आणि आतून अंग बरंच गुळगुळीत लागतं. साच्यात दाबलेल्या पत्र्यात बाहेर खळगा तिथे आत उंचवटा, आणि तीच खळग्यांची रांग ठरावीक अंतराने पुन्हा येते. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठातले डिझाइनचे अभ्यासक पॉल हेकर्ट सौंदर्याच्या अनुभवातलं एक तत्त्व सांगतात: विविधता आणि एकसंधपणा दोन्ही एकाच वेळी मिळाले की डोळ्यांना सुख होतं. मठारलेल्या ओळी शिस्तीत जातात, पण कुठलेही दोन ठोके तंतोतंत सारखे नसतात. साच्याच्या जगात नुसती शिस्त उरते, शिकाऊ हाताच्या जगात नुसती विविधता. हा फरक कळायला जाणकार असावं लागत नाही, नुसते दोन जग शेजारी ठेवून बघा.

याच हेकर्ट आणि त्यांचे सहकारी पीटर डेस्मेट यांनी 2007 मध्ये वस्तूच्या अनुभवाचे तीन पदर वेगळे करून मांडले: इंद्रियांना मिळणारं सुख, आपण वस्तूला लावतो तो अर्थ, आणि भावना. पहिल्या दोन्हींत हा जग भरभरून देतो. तांब्याची उष्णतावाहकता स्टीलच्या वीस-पंचवीसपट असते, त्यामुळे तळहाताला तो लगेच गार लागतो. अर्थाचं तर पुण्यात सांगायलाच नको, ज्या घरात कधीकाळी बंब होता त्या घराला हा जग परका वाटत नाही. भावना मात्र, डेस्मेट यांच्या मांडणीनुसार, आपल्याला वस्तूकडून काय हवं आहे याच्याशी ताडून उठते. जगाकडून हवं असतं ते एवढंच, की पाणी पेल्यात पडावं.

इथे चोच आड येते. पातळ काठ वाकू नये म्हणून तो गोल वळवलेला असतो आणि ते बरोबरच आहे. पण तोच गोल काठ चोचीच्या टोकापर्यंत नेला, की सावकाश ओतताना पाणी काठाला चिकटून वळतं आणि अंगावरून टेबलावर उतरतं. धार जोरात असेल तर हे होत नाही, म्हणून दुकानात भसकन ओतून केलेली चाचणी फसवी असते. जग भरून घ्या आणि अगदी बारीक धार धरून थांबवा. चोचीचं टोक धारदार आणि किंचित खाली वळलेलं असेल, तर थेंब तिथेच तुटतो. कारागीर समोर असेल तर काठ सगळीकडे गोल, फक्त टोकाला उतरता, असं सांगून करून घेता येतं. काम थोडंच आहे, पण त्याने सगळा जग बदलतो.

भरलेला जग सव्वादोन किलोच्या आसपास जातो. तेव्हा कानात चार बोटं मावायला आतून 9 सेंटिमीटर उंची आणि बोटांची पेरं अंगाला घासू नयेत इतकी, निदान 3 सेंटिमीटर, फट हवी. शोभेला काढलेले नाजूक पितळी कान इथे निकामी. रिव्हेट (आरपार ठोकून चपटी केलेली खिळी) मारलेला कान मजबूत खरा, पण खिळ्यांच्या आतल्या डोक्यांभोवती क्षार आणि हिरवट थर साचतो. तोंड हात आत जाईल इतकं रुंद नसेल तर तो निघत नाही. जोडावर करडा मऊ डाक (सांधायला वितळवून लावलेला धातू) दिसला तर तो जग पिण्याच्या पाण्याला नको, त्यात शिसं असू शकतं. झाकणाची गोंडी ओल्या हाताने धरून बघा, मुगाएवढी असेल तर निसटणारच.

फार चकचकीत जगावर बहुधा पारदर्शक लॅकर, म्हणजे वार्निशसारखा लेप, असतं. बुडावर लिंबाचा थेंब आणि चिमूटभर मीठ चोळा. मिनिटभरात गुलाबी उजळलं तर तांबं उघडं आहे. आतून लॅकर अजिबात नको. बाहेरून असलेलं लॅकरही पुढे सोलटतं आणि अंगावर काळपट बेटं उठतात, ती घासून जात नाहीत. आधी अॅसिटोनने सगळं लॅकर काढावं लागतं. उघडं तांबं काळवंडतं, पण सगळीकडे सारखं, आणि लिंबू-मिठाने किंवा चिंचेने परत उजळतं. हिरवी खरखरीत घासणी वापरू नका, पैलूंच्या कडा मरतात. बोअरवेलच्या किंवा टँकरच्या पाण्याने आत पांढरी वलयं येत असतील, तर व्हिनेगर थोडा वेळ ठेवून लगेच भरपूर पाण्याने धुवा.

ताक, लिंबू किंवा कोकम सरबत या जगात कधीच नको. आंबटात तांबं उतरतं, आणि पिण्याच्या पाण्यात तांब्याची आपल्याकडची कमाल मर्यादा लिटरला 1.5 मिलिग्रॅम आहे. सरबतासाठीच हवा असेल तर आतून कल्हई केलेला घ्या. एप्रिलमध्ये माठासारखं गार पाणी याच्याकडून मागू नका, आणि फ्रिजमधलं पाणी भरलंत तर बाहेरून घाम सुटतो, खाली ताटली लागेल.