काळा धूर, ९,२३० रुपये आणि चहा

शिकलेला माणूस मी, बियाणं-खतांच्या दुकानांत रोज लोकांना सल्ले देत फिरतो, आणि बोटाएवढ्या सेन्सरपायी ९,२३० रुपये घालवून बसलो. परभणी-जिंतूर रोडवर माझ्यासारखे फिरणारे पुष्कळ आहेत, म्हणून लाज गिळून लिहितोय.

गाडी म्हणजे मोटरसायकल, बीएस-सिक्स (नव्या प्रदूषण-नियमांची), हवेवर थंड होणारी. एप्रिलात पारा ४२ वर गेला आणि हिची नाटकं सुरू झाली. सकाळी एका सेल्फला चालू. बोरीला चहाला थांबलो की तापलेली गाडी पुन्हा चालूच होईना. पेट्रोलचा वास, मागून काळा धूर, ॲव्हरेज ५५ वरून ३८, मीटरवर इंजिनचा पिवळा दिवा.

मिस्त्रीनं दोनदा रेस केली अन् म्हणाला, "भाऊ, उन्हानं रिंग-पिस्टन गेलं. इंजिन खोलावं लागतंय." त्याच्या हाताखालचं पोरगं तेव्हाच बोललं, "टेम्परेचर सेन्सर बघू का आधी?" मिस्त्रीनं त्याला चहा आणायला पिटाळलं. मी शेजारीच स्टुलावर होतो. मी हे ऐकलं. आणि आलेला चहा प्यालो!

धूर काळा होता हो. ऑइल जळालं की धूर निळसर येतो, हे वडिलांच्या राजदूतमागं बसून लहानपणीच कळलेलं. काळा म्हणजे पेट्रोल जास्त. ऑइलची पातळीही तसूभर उतरली नव्हती. पण खरीप तोंडावर, गाडी बंद म्हणजे दिवस बुडाला. माझ्या जागी कुणीही 'खोला' म्हणाला असता.

ब्लॉक-पिस्टन ४,८५०, गॅस्केट-सील १,१२०, ऑइल ४६०, मजुरी २,८००. जुने पार्ट मागितले तर "भंगारात गेले." काम चालू असतानाच पिशवी घेऊन उभे राहा.

तिसऱ्या दिवशी बोरीलाच पुन्हा काळा धूर. जिंतूरच्या एकानं स्कॅनर (गाडीतला बिघाड वाचणारं यंत्र) लावला, मग विजेचा रोध मोजणारा मल्टिमीटर. इंजिन थंड असताना सेन्सर दोन हजार ओहमच्या आसपास दाखवतो (गाडीगणिक आकडा बदलतो), तापल्यावर काही शेवर यायला पाहिजे. माझा जागचा हलेना. म्हणजे इंजिन तापलं तरी ईसीयूला (किती पेट्रोल सोडायचं ते ठरवणाऱ्या गाडीतल्या कॉम्प्युटरला) ते थंडच वाटायचं आणि तो पेट्रोल ओतत राहायचा. प्लग काजळीनं काळा. सेन्सर ६९०, बसवायचे १००. पाऊण तास लागला. दिवा पेटलेला असताना स्कॅनरआधी पाना उचलणाऱ्याकडून गाडी ढकलत न्या, पण न्या.

मिस्त्री म्हणे, "रिंग पण गेलीच होती." पोलीस ठाण्यात गेलो. "हे दिवाणी आहे, ग्राहकांच्या तिकडं जा." तिकडं साहेब बैठकीला. दुसऱ्या खेपेला बिल मागितलं; माझ्याकडं कॅलेंडरच्या पानामागं पेननं लिहिलेली चिठ्ठी. "यावर सही कुठाय?" तिसऱ्या खेपेला अर्ज ऑनलाइन करा म्हणाले, आणि ऑनलाइनवाला फॉर्म पक्क्या बिलाशिवाय पुढं सरकेना. हेल्पलाइनवर तक्रार नंबर मिळाला, अकराव्या दिवशी 'निकाली' असा मेसेज. काय निकाली काढलं? कुणाला विचारलं? तीन खेपांचं पेट्रोल, तेही ३८ च्या हिशेबातलं नाही म्हणून नशीब. बनी तो बनी, नहीं तो परभणी म्हणतात, ते उगाच नाही.

५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला ग्राहक आयोगात फी लागत नाही. पण पुराव्याला पक्कं बिल हाताशी असलेलं बरं. १०० रुपयांचं काम असलं तरी मागा.

घरी मी ३,००० सांगितलेत. हे वाचलं की कळेलच तिला.