क्यूचं मृत्युपत्रांचं दप्तर, ठाण्यात बसून

फेरफार चाळून वारस लावणाऱ्या ठाणेकरांना लंडनमधल्या क्यू इथल्या ब्रिटनच्या नॅशनल आर्काइव्ह्जची (राष्ट्रीय दप्तरखान्याची) ऑनलाइन मृत्युपत्रं लगेच रुचतील. इंग्रज व्यापाऱ्याचं घराणं जुळवायचं तर ‘प्रॉब ११’ ही दप्तरमालिका उघडा: कँटरबरीच्या प्रेरोगेटिव्ह कोर्टातली (मृत्युपत्रं मंजूर करणाऱ्या चर्चच्या न्यायालयातली) १३८४ ते १८५८ ची मृत्युपत्रं. आडनावाचं स्पेलिंग बदलून तीन-चारदा शोधा. यादीतली तारीख मृत्यूची नव्हे, प्रोबेटची, म्हणजे कोर्टाने मृत्युपत्र मंजूर केल्याची. पानं कारकुनांनी उतरवलेल्या नकला आहेत. मूळ कागद ‘प्रॉब १०’ मध्ये. १७३३ पर्यंत शेवटचा परिच्छेद बहुधा लॅटिनमध्ये असतो, पण तो वगळू नका. प्रोबेट कुणाला मिळालं ते तिथेच कळतं.

खरी फसगत नात्यांत. ‘सन-इन-लॉ’ जावईच असेल असं नाही, सावत्र मुलगाही असतो; ‘कझिन’ अनेकदा पुतण्या किंवा भाचा निघतो. थोरला मुलगा दिसला नाही म्हणून त्याला बेदखल केलं समजू नका. जमीन त्याला वारसाहक्कानेच मिळायची, किंवा धंद्याला भांडवल आधीच दिलेलं असायचं. मृत्युपत्रच नसेल तर ‘प्रॉब ६’ बघा: मयताच्या मालमत्तेची व्यवस्था कुणाकडे सोपवली त्याच्या नोंदी. मुंबईत वारलेल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या माणसासाठी मात्र ब्रिटिश लायब्ररीतली इंडिया ऑफिसची दप्तरंही बघावी लागतात.

अक्षराचं जुनं वळण मोडीइतकंच चिवट आहे. मोबाइलवर वाचायला जाऊ नका.