रायडिंग मोवरचा डेक: रंग, ग्रॅफाइट की लोकरीची चरबी?

ओहायोत आमच्या घराभोवती एक एकर गवत आहे. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत जवळजवळ दर आठवड्याला रायडिंग मोवर, म्हणजे वर बसून चालवायचं गवत कापायचं यंत्र, बाहेर निघतो. आमच्या पहिल्या मोवरचं इंजिन अगदी ठणठणीत होतं, तरी सहाव्या वर्षी तो काढून टाकावा लागला, कारण ४२ इंची डेकला, म्हणजे पाती ज्याखाली फिरतात त्या पत्र्याच्या कवचाला, भोक पडलं. तेही स्पिंडलच्या बुडाशी. ज्या दांड्यावर पातं फिरतं तो जिथे बोल्टने डेकला धरलेला असतो, नेमका तिथलाच पत्रा पापडासारखा झाला होता. अंगठ्याने दाबला तर आत गेला.

वाईट याचं वाटतं की मी डेकची खालची बाजू नेमाने धूत होतो आणि गंज लागला वरून. बेल्टच्या झाकणाखाली गवताचा भुगा साचतो आणि चहाच्या चोथ्यासारखा दिवसचे दिवस ओला राहतो. त्यात लॉनवर टाकलेल्या खताचे दाणे मिसळतात. हे दाणे म्हणजे क्षारच, ते ओल धरून ठेवतात. म्हणून डेकला गंजू नये म्हणून कुठला लेप द्यायचा हे ठरवण्याआधी साफ कसं करायचं ते ठरवा.

बऱ्याच डेकवर पाण्याची नळी जोडायची सोय असते. नळी लावायची, पाती फिरवायची, की खालचं गवत धुऊन निघतं. कापणी संपल्यावर लगेच केलं तर ताजं गवत खरंच निघतं, वाळून चिकटलेला थर मात्र निघत नाही आणि कोपऱ्यांत पाणी राहतं. हेच करणार असाल तर पाणी बंद केल्यावर पाती थोडा वेळ कोरडी फिरवा. प्रेशर वॉशर मात्र स्पिंडलवर मुळीच मारू नका. बेअरिंगच्या सीलमधून पाणी आत जातं आणि पुढच्या हंगामात घरघर सुरू होते. माझं मत कोरड्या सफाईला आहे. दर कापणीनंतर इंजिन निवलं की झाकणं काढून लीफ ब्लोअरने वरचा भुगा उडवायचा. पाच मिनिटं लागतात. खालचा थर महिन्यातून एकदा पुट्टी पट्टीने खरवडायचा. त्याआधी चावी काढा, स्पार्क प्लगची वायर काढून बाजूला करा आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली हात घालू नका. बेल्ट आणि पिना काढून डेक बाजूने ओढून घेणं सगळ्यात सुरक्षित.

आता लेपांकडे. अमेरिकेत पात्याच्या टोकाचा वेग मिनिटाला १९,००० फुटांपर्यंत असू शकतो, म्हणजे ताशी साधारण ३५० किलोमीटर. त्या वेगाने वाळू आणि काड्या पत्र्यावर आदळतात. पात्याच्या टोकासमोरची कड आणि गवत बाहेर फेकणारं तोंड इथे कुठलाच लेप टिकत नाही, डब्यावर काहीही लिहिलेलं असो. टिकतो तो कोपऱ्यांत आणि वरच्या बाजूला.

रंग सगळ्यात मेहनतीचा. अँगल ग्राइंडरला तारेचा कप लावून पोपडे उडवायचे (चष्मा घालूनच, तारा सुटून उडतात), उरलेल्या गंजावर रस्ट कन्व्हर्टर लावायचं. त्यातलं टॅनिक आम्ल गंजाचा काळा, घट्ट थर बनवतं. ते गंजावरच काम करतं, चकचकीत पत्र्यावर नाही. मग प्रायमर आणि रंग. शनिवार-रविवार दोन्ही जातात. खाली हा रंग लवकर झिजतो, पण वरच्या बाजूला याच्या तोडीचं काही नाही.

ग्रॅफाइटचा स्प्रे काही तासांत वाळतो, हाताला चिकटत नाही आणि पृष्ठभाग गुळगुळीत झाल्याने गवत कमी धरतं. पण मुळात तो गवत चिकटू नये म्हणून आहे. गंजावर मारलात तर आत गंज चालूच राहतो. स्वच्छ, नव्या डेकला ठीक.

फ्लुइड फिल्मसारख्या स्प्रेमध्ये लॅनोलिन असतं, म्हणजे मेंढीच्या लोकरीतली चरबी. ती वाळत नाही, भेगांत झिरपते, ओल दूर ठेवते. कापणी सुरू झाली की काही आठवड्यांत खालून निघून जाते, म्हणून मी ती ऑक्टोबरअखेर, मोवर झोपवताना मारतो. हिवाळाभर शेडमध्ये डेक तसाच राहतो. बेल्टवर आणि पुलीवर उडू देऊ नका, बेल्ट घसरतो. स्पिंडलभोवती ब्रशने लावा. आणि क्रम लक्षात ठेवा: चरबी एकदा लागली की डिग्रीझरने पूर्ण धुतल्याशिवाय रंग धरत नाही. रंग द्यायचा विचार असेल तर तो आधी.

गावाकडून आलेल्या आपल्या लोकांचा हात जळक्या ऑइलकडे जातो. माझाही गेला होता. वडील पावसाळा संपला की नांगराच्या फाळाला तेच फासायचे आणि फाळ वर्षानुवर्षं टिकायचा. पण फाळ भिंतीला टेकून उभा असे, डेक मात्र पहिल्याच फेरीत ते ऑइल मुलं खेळतात त्या गवतावर उडवतो. ते ऑटो पार्ट्सच्या दुकानात देऊन टाका, बरीच दुकानं फुकट घेतात.

नवा डेक असेल तर ब्लोअर आणि ऑक्टोबरची चरबी एवढं पुरे, पैसे रंगावर घालवू नका. वर तांबूस डाग दिसू लागले असतील तर या हिवाळ्यात डेक काढा आणि वरची बाजू रंगवाच. पण डबे विकत आणण्याआधी स्क्रूड्रायव्हरचं टोक स्पिंडलच्या बोल्टांभोवती दाबून पाहा. पत्रा खणखणीत वाजला तर कामाला लागा. टोक रुतलं तर ती जागा रंगाने भरून निघणार नाही, आणि सैल स्पिंडलवर पातं फिरवणं धोक्याचं आहे. मोवर चालवणं थांबवा आणि वेल्डरला दाखवा. आजूबाजूचा पत्रा जाड असेल तर तो पट्टी जोडून देईल. नसेल तर डेकचं नुसतं कवच वेगळं मिळतं का ते मॉडेल नंबर घेऊन विचारा. स्पिंडल, पुली, चाकं जुनीच त्यावर चढवता येतात.